शिबिरातली पीएसए

आमच्या नारायणगाव-मंचरकडे कुणाचा वाढदिवस आला की आरोग्य शिबिराचा फ्लेक्स लागतो. हल्ली त्यात "ज्येष्ठ पुरुषांसाठी पीएसए मोफत" अशीही ओळ दिसते. माझा तिला विरोध आहे. रक्त काढायला नाही, काही न सांगता काढायला.

पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारं प्रथिन. वयामुळे ग्रंथी नुसती वाढली किंवा तिला जंतुसंसर्ग झाला तरी आकडा चढतो. ४ ते १० मध्ये आलेल्या बहुतेकांना कॅन्सर नसतोच. पण घरच्यांना कळतं एवढंच, की आण्णांचा रिपोर्ट वर आलाय. मग पुण्याच्या खेपा, एमआरआय, बायॉप्सी.. शिबिर फुकट, पुढचं काहीच फुकट नाही. आणि सापडलाच, तरी म्हातारपणातला हा कॅन्सर बऱ्याचदा इतका सावकाश वाढतो की माणूस दुसऱ्याच कशाने जातो. ऑपरेशननंतर लघवीवर ताबा राहिला नाही तर ते मात्र लगेच भोगावं लागतं. कांद्याच्या वावरात राबणाऱ्याने पॅड लावून हिंडायचं? हे त्याला रक्त देण्याआधी कोण सांगतं?

जीव वाचतात हे खोटं नाही. युरोपातल्या मोठ्या अभ्यासाचे २३ वर्षांचे आकडे २०२५ मध्ये आले: तपासणीला बोलावलेल्या ४५६ पुरुषांमागे एक मृत्यू टळला. म्हणून ५५ ते ६९ वयाच्यांनी डॉक्टरांशी बोलून ठरवावं, बापाला किंवा भावाला हा आजार झाला असेल तर आधीच बोलावं. (लघवीचा त्रास असेल तर गोष्टच वेगळी, तेव्हा थांबू नये.) पण सत्तरीपुढे सरसकट तपासू नका, असं अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने २०१८ मध्ये सांगितलं. आणि आमच्या रांगेत असतात ते सत्तरीपुढचेच!

खरा राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. त्याच मांडवात मिशरी लावणाऱ्या मावश्या आणि तंबाखू मळणारे काका बसलेले असतात, त्यांच्या तोंडात कुणी बॅटरी मारून बघत नाही. सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्यांसाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी आहे, प्रोस्टेटची नाही. पुरावा हवा तर आपल्याच राज्यात आहे. उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यात १९९९ पासून सव्वा लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू आठ वर्षांत जवळजवळ निम्मे झाले, हे २००९ मध्ये छापून आलं. त्याचा फ्लेक्स मी अजून पाहिला नाही.

पुढच्या शिबिराच्या वर्गणीला मंडळी येतील तेव्हा मी पैसे देईन, पण एक दातांचा डॉक्टर आणि बॅटरी मागून.