शाळेच्या पडद्यावर जब्या कधी येणार?

शाळेत मुलांना चित्रपट दाखवायचा, त्यावर चर्चा घ्यायची, चित्रे काढून घ्यायची, असा उपक्रम आता काही शिक्षक हौसेने करतात. प्रोजेक्टर आले, टीव्ही आले. आम्हाला याचा आनंदच आहे. पण पडद्यावर कोणाचे मूल दिसते आणि चित्रपट संपल्यावर वर्गात कोण बोलते, हे कोणी पाहायचे?

२००७ साली 'तारे जमीन पर' आला. चित्रकलेने सावरलेल्या मुलाची ती गोष्ट पाहून पालक-शिक्षक रडले. चित्रपट चांगलाच होता. पण त्या मुलाला लांबच्या निवासी शाळेत ठेवण्याची ऐपत असलेला बाप होता. ज्याच्या बापाला गावाने डुकरे धरायला बोलावले, त्या मुलाचे काय? त्याची गोष्ट नागराज मंजुळे यांनी 'फँड्री'त सांगितली. २०१४ च्या फेब्रुवारीत तो प्रदर्शित झाला, राष्ट्रीय पुरस्कारही मिळाले. त्यात जब्या आपल्या माणसांसोबत डुकरू धरतो तेव्हा त्याच्याच शाळेची पोरे गंमत बघत हसतात. बांधलेले डुकरू खांद्यावरून नेताना मागे शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई आहेत. शेवटी जब्या दगड भिरकावतो आणि तो थेट आपल्याच अंगावर येतो.

हा चित्रपट वर्गात दाखवायला हवा, पण नुसता दाखवून मोकळे होण्यात धोका आहे. वर्गात एखादा जब्या बसलेला असतोच. दुसऱ्या दिवशी पोरे त्याला 'फँड्री' म्हणून हाक मारतील आणि मास्तर ऐकून न ऐकल्यासारखे करतील! म्हणून 'जब्याचे दुःख तुम्हाला कसे वाटले?' हा प्रश्न आम्हाला नको. 'हसणारी पोरे का हसत होती? तुम्ही तिथे असता तर कुठे उभे राहिला असता?' असे विचारा. उत्तर आधी कागदावर काढू द्या. तोंडाने बोलायला ज्याला भीती वाटते, तो रंगाने बोलतो. दगड सुटल्यानंतर काय झाले, याचे चित्र प्रत्येकाला काढू द्या. त्या चित्रांना नंबर देऊ नका, आणि कोणत्याही मुलाला उभे करून त्याची जात वदवून घेऊ नका.

मुलांना हे विषय झेपतील का, असे विचारणारे भेटतात. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवेने चौदाव्या वर्षी मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. १८५५ साली तो 'ज्ञानोदय'मध्ये छापला गेला. तिला झेपले! आणि १७० वर्षांनी, २०२५ च्या एप्रिलमध्ये, 'फुले' हा हिंदी चित्रपट ब्राह्मण संघटनांच्या आक्षेपानंतर दोन आठवडे लांबला. परीक्षण मंडळाने 'मांग', 'महार', 'पेशवाई' हे शब्दच काढायला लावल्याच्या बातम्या आल्या. मुक्ताने स्वतःच्या हाताने लिहिलेले शब्द या मंडळाला खुपतात. मग शाळेत कोणते चित्रपट पोहोचतील, हे सांगायला ज्योतिषी नको. १९५५ पासूनची बालचित्र समितीही २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आली.

तेव्हा सरकारी शाळेची वाट पाहत बसण्यापेक्षा आपली विहारे, समाजमंदिरे आहेतच. १४ एप्रिलला डॉ. जब्बार पटेल यांचा तीन तासांचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' आपण रात्री लावतो. मोठी माणसे बघतात, मुले सतरंजीवर झोपून जातात. (डीजेवर होणारा खर्च आम्ही इथे काढत नाही.) त्याऐवजी एखाद्या रविवारी सकाळी त्यातला महाडचा भाग तेवढा दाखवा आणि थांबवा. मुलांच्या हातात कागद आणि खडू द्या. आपल्या वस्तीत पाणी कुठून येते, नळावर कोण उभे असते, हे त्यांना काढू द्या. ती चित्रे विहाराच्या भिंतीवर महिनाभर राहू द्यात, म्हणजे आईबापही ती बघतील.