दोष इंटरकूलरच्या माथी मारण्याआधी

हूडी, गरुडाचारपाळ्या, व्हाइटफील्ड रोड, मराठहळ्ळी. बंगळुरूच्या महादेवपुरा पट्ट्यात आयटीच्या पगारावर घेतलेल्या टर्बो गाड्या रग्गड आहेत. इथल्या मराठी पोरांची लाडकी गाडी म्हणजे चाकणला तयार झालेली पोलो जीटी टीएसआय. कंपनीने 105 पीएस दिले, तेवढ्यावर समाधान नाही. म्हणून रीमॅप मारून, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचे प्रोग्रॅमिंग बदलून, बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा जादा दाब) वाढवायचा. इथे दोन पंथ पडतात. पहिला म्हणतो, टर्बोतून येणारी तापलेली हवा थंड करणारा कंपनीचा इंटरकूलर जादा बूस्टने फुटणारच, आधी मोठा बसवा. दुसऱ्याच्या मते कंपनीने भरपूर वाव ठेवलेला असतो, खुशाल वाढवा. पहिला पंथ घाबरवून माल विकतो, दुसरा धीर देऊन. मला दोन्ही अमान्य.

आधी फुटण्याचे पाहू. सामान्य टर्बो पेट्रोल गाडीत बाहेरच्या हवेपेक्षा 0.9 बार जास्त दाब असतो असे धरा. रीमॅपने तो 1.3 झाला. गाडीच्या टायरमध्ये याहून जास्त, दोन बारच्या वर हवा असते. ॲल्युमिनियमच्या नळ्या एकजीव करून बनवलेला इंटरकूलरचा गाभा एवढ्याने फाटत नाही. हार खातात ते सांधे: गाभ्यावर पत्रा दुमडून बसवलेली प्लास्टिकची टाकी, तिच्याखालचे रबरी पॅकिंग, होज पाइप आणि त्यावरचा क्लॅम्प. 50 मिलिमीटर व्यासाच्या पाइपच्या तोंडावर 0.9 बारला साधारण 18 किलोचा जोर पडतो, 1.3 बारला 26 किलोचा. त्यात टर्बोमधून येणाऱ्या तेलाचा पातळ थर पाइपच्या आत बसतो आणि रबर निसरडे होते. इंजिन आपल्या माउंटवर हलते, स्पीडब्रेकरवर आणखी हलते. पाइप निसटला की मालक म्हणतो, इंटरकूलर गेला!

पाइप पूर्ण निसटला तर निदान कळते तरी. बारीक गळती जास्त वाईट. इंजिनच्या कॉम्प्युटरला ठरलेला दाब हवा असतो. हवा वाटेत पळते म्हणून तो वेस्टगेट (टर्बोला वळसा घालून धूर सोडणारी झडप) आणखी बंद ठेवतो, टर्बो जास्त फिरतो, हवा जास्त तापते. पिकअप जवळपास तोच राहतो, म्हणून चालकाला संशयही येत नाही, आणि झीज टर्बोची होत राहते. जुनी डिझेल गाडी निदान काळा धूर सोडून चुगली करते.

आता 'खुशाल वाढवा' म्हणणाऱ्यांकडे वळू. हे सहसा जर्मनीतले किंवा मुंबईतले आकडे दाखवतात. बंगळुरू समुद्रसपाटीपासून 900 मीटरवर आहे. इथे हवेचा दाब 0.91 बारच्या आसपास. इंजिनला मात्र तेवढीच हवा द्यायची असते, म्हणून टर्बोला इथे जास्त दाबावे लागते. बाहेर 32 अंश आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता 70 टक्के धरून हिशेब मांडा. निरपेक्ष, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब धरून, 1.8 बारसाठी मुंबईत टर्बोतून हवा सुमारे 110 अंशांवर निघेल, महादेवपुऱ्यात 125 वर. रीमॅप करून 2.2 बार मागितले की ती 155 च्या पुढे जाते. मुंबईच्या मूळ गाडीपेक्षा 45 अंश जास्त! हा वाव कोणत्या कंपनीने ठेवला होता?

तरीही पहिला पंथ यावर 'मग मोठा इंटरकूलर घ्याच' म्हणेल, तर तेही सरसकट खरे नाही. तीन चतुर्थांश उष्णता काढणारा इंटरकूलर 125 अंशांची हवा 55 वर आणतो आणि 155 ची 63 वर. हवा वाढली की ही क्षमता थोडी घसरते, म्हणून आठऐवजी दहा-बारा अंशांचा फरक धरा. एका दमात रेटलेल्या गाडीला तो पचतो. पचत नाही तो लागोपाठचा रेटा. केआर पुरमच्या केबल-स्टेड पुलाकडे जाताना अर्धा तास कोंडीत सरकणाऱ्या गाडीत बूस्ट नसतोच, पण बॉनेटखाली सगळे तापून बसलेले असते. रस्ता मोकळा झाला की चालक वैतागून पाय दाबतो, आणि नेमक्या त्या क्षणी गरम इंटरकूलरमधून गरम हवा सिलिंडरमध्ये जाते. पेट्रोल अवेळी पेटू लागते, कॉम्प्युटर ठिणगी उशिरा टाकतो, आणि पैसे मोजून घेतलेली ताकद तिथेच परत जाते. मोठा गाभा बंपरात बसवला तरी उभ्या गाडीत त्यावर वारा कुठून येणार? उलट तो रेडिएटर आणि एसीच्या कंडेन्सरची हवा अडवतो.

पोलोच्या बाबतीत तर आणखी एक गैरसमज आहे: पाण्याने थंड होणारा, इनटेक मॅनिफोल्डमध्येच बसवलेला इंटरकूलर म्हणजे कंपनीची काटकसर. 1942 मध्ये स्पिटफायर विमानात आलेल्या मर्लिन 61 इंजिनाला उंचावरच्या विरळ हवेसाठी असाच द्रवाने थंड होणारा कूलर होता. तिथे काटकसर हा मुद्दा नव्हता. पोलोत या रचनेमुळे हवेची वाट आखूड होते, टर्बो चटकन प्रतिसाद देतो. या रचनेची खरी दुखरी जागा वेगळीच आहे. त्या पाण्याला फिरवणारा विजेचा पंप थकला की इंटरकूलर कितीही धडधाकट असून उपयोग नाही, आणि गॅरेजमध्ये त्या पंपाकडे पाहतो कोण?

शिवाय या गाडीचा सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) 250 न्यूटन-मीटरपर्यंतच सोसतो. कंपनीने 175 दिले होते. बूस्ट किती वाढवायचा याची सीमा इंटरकूलरआधी गिअरबॉक्सच आखतो. कायद्यालाही असे बदल मान्य नाहीत: 2019 च्या दुरुस्तीनंतर परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते.

एवढे समजूनही कुणाला करायचेच असेल, तर क्रम असा धरावा. बूस्टला हात लावण्याआधी इंटरकूलर आणि पाइपांत दाबाची हवा भरून साबणाच्या पाण्याने गळती शोधा. पाइपांतले तेल पुसा, थकलेले होज आणि साधे क्लॅम्प बदला, पंप चालतो का पाहा. मग स्कॅनर जोडून एप्रिलच्या दुपारी, कोंडीतून सुटल्यावर, इनटेक हवेचे तापमान आणि ठिणगी किती मागे जाते ते नोंदवा. मूळ बूस्टलाच आकडे वाईट येत असतील, तर रीमॅपचा विचार सोडून द्या. ते चांगले असतील आणि वाढवलेल्या बूस्टला बिघडत असतील, तरच मोठ्या इंटरकूलरवर खर्च करा. आणि ही नोंद न मागता लॅपटॉप जोडायला निघालेल्या ट्यूनरकडे गाडीची किल्ली देऊ नका.