कंसांचें कोडें

चित्रांवर बोट न ठेवतां संगणकास अक्षरांनीं आज्ञा देण्याची रीत आमच्या वरच्या वर्गांतील मुलेंहि आतां शिकूं लागलीं आहेत. आज्ञा कशी लिहावी हें सांगणारीं साह्यपृष्ठें मात्र, आमच्या मतें, शिकणारास जाचक आहेत. युनिक्सची पहिली पुस्तिका १९७१ सालीं बेल प्रयोगशाळेंत निघाली, ती तेथील जाणत्या मंडळींसाठीं. तिला त्रोटकपणा शोभला. तोच आज चौदा वर्षांच्या मुलापुढें ठेवणें रास्त नव्हे.

या पृष्ठांत चौकोनी कंसांतील शब्द ऐच्छिक समजावा, आणि कोनाकृति कंस काढून त्या जागीं आपल्या फाइलीचें नांव घालावें, असा संकेत आहे. पण तो तेथें बहुधा सांगितलेला नसतो. शिवाय कोनाकृति कंस संगणक निराळ्याच अर्थानें वाचतो. मुलानें ते जसेच्या तसे उतरले, तर बंद होणाऱ्या कंसापुढें ज्या फाइलीचें नांव येईल, तिच्यांतील पूर्वींचा सारा मजकूर पुसला जाऊं शकतो. मग ‘आधीं पुस्तिका वाच’ म्हणून त्यासच दटावणारे भेटतात! त्यानें ती अक्षरशः वाचली, हाच काय तो त्याचा अपराध.

लिहिणारांचें म्हणणें असें कीं, संकेत एकदां कळला म्हणजे चार ओळींत सर्व प्रकार सामावतात. तें खरें. परंतु दुवा जोडणाऱ्या ‘एल्‌एन्‌’ आज्ञेंत मूळ फाइल आधीं कीं नवें नांव आधीं, येथें संकेत जाणणारेहि अडखळतात. एका उदाहरणानें तें तत्काळ उलगडतें. उदाहरणें असलींच तर बहुधा तळाशीं असतात. तीं माथ्यावर यावीं, आणि चिन्हांचा अर्थ शेजारींच एका ओळींत द्यावा. तोंवर पालकांनीं मुलांच्या फाइलींची एक प्रत निराळी ठेववावी.