सशाची फेरी

गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा शिकारीला निघाला, तेव्हा त्याच्या कुत्र्यामागे चक्क एक ससाच लागला, अशी आमच्या चंद्रपूरची कथा. दोघे वाटोळे धावले. अखेर कुत्र्याने ससा मारला. राणी म्हणाली, याच मागावर तट बांधा. पंधराव्या शतकातली ही गोष्ट. अशीच कथा अहमदाबादचे आणि विजयनगरचे लोकही सांगतात. पण आमच्या सशाने गावाची हद्दच आखून दिली!

ती हद्द मी आमच्या मोत्याला घेऊन पायांनी मोजतो. जटपुरा वेशीपासून निघावे. अंचलेश्वर, पठाणपुरा, बिनबा या वेशी करीत पुन्हा जटपुऱ्याला यावे. पूर्वेला झरपट, पश्चिमेला इरई. मी बुरूज न्याहाळतो, मोत्या प्रत्येक दगड हुंगतो. इतिहासाचा अभ्यास त्याचाच अधिक सखोल!

१८१८ साली इंग्रजांच्या तोफांनी या तटाला खिंडार पाडले. पण तोफा एकदा येऊन गेल्या. झुडपांची मुळे आणि गावचा केरकचरा रोज हल्ला करतात. २०१७ साली ‘इको-प्रो’च्या कार्यकर्त्यांनी कित्येक महिने रोज सकाळी खपून तट मोकळा केला. तो मोकळा ठेवणे मात्र चालणाऱ्यांच्या हाती, नव्हे, पायी आहे. ज्या तटाकडे कोणी फिरकत नाही, तो ढासळला तरी कोणाला पत्ता लागत नाही.

तेव्हा वाचकहो, दिवाळीचा फराळ जिरवायला एक फेरी माराच. कुत्रे नसेल तर शेजाऱ्याचे मागून घ्या. मात्र वाटेत ससा आडवा आला, तर त्याला आधी जाऊ द्या. आखणी त्याच्या पूर्वजाची आहे!