‘महत्त्वाकांक्षी’ हा आरोप कधी होतो?

भागीदार फुटला की आपल्याकडे लगेच कुणीतरी म्हणतं, ‘ब्रूटस निघाला!’ शेक्सपिअरच्या ‘ज्युलियस सीझर’मधून बिझनेसवाले एवढंच उचलतात. माझं मत वेगळं आहे. हे नाटक दगाबाजीसाठी वाचू नका, दोन शब्दांसाठी वाचा: ‘महत्त्वाकांक्षी’ आणि ‘सन्माननीय’.

पात्रं चारच पकडा. सीझर, ब्रूटस, कॅशियस, अँटनी. यातला ब्रूटस हाताचा स्वच्छ, रोममध्ये ज्याच्या शब्दाला किंमत आहे असा माणूस. खुनाआधीच्या रात्री तो बागेत एकटा विचार करतो, आणि स्वतःशीच कबूल करतो की सीझरशी आपलं वैयक्तिक वैर नाही, आजवर त्याचा तोल सुटलेलाही पाहिला नाही. पण मुकुट मिळाला तर तो बदलेल. या ‘तर’वर तो खंजीर उचलतो. त्यात खिडकीतून आत पडलेल्या चिठ्ठ्या त्याला जनतेच्या वाटतात; त्या टाकायला लावल्या कॅशियसनं. आजच्या फॉरवर्डसारखंच!

आता तो शब्द. आपण ट्रेनर लोक ‘महत्त्वाकांक्षा’ बोर्डवर मोठ्या अक्षरात लिहितो. रोममध्ये तोच आरोप आहे. त्याचं लॅटिन मूळ म्हणजे मतं मागत फिरणं, आणि मतं विकत घेण्याच्या गुन्ह्याला तिथे याच कुळातला शब्द होता. ज्यांनी राजे हाकलले होते, त्यांना सगळ्यांच्या वर बसायची इच्छा म्हणजे पापच.

शब्दावर जीव जातो हे आपल्याला परकं नाही. ‘ध’चा ‘मा’ आठवा. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. ‘धरावे’चं ‘मारावे’ आनंदीबाईंनी केलं असं सांगतात. त्यावर ‘भाऊबंदकी’ हे नाटक १९०९ मध्ये आणलं कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी, म्हणजे आपल्या सांगलीच्या माणसानं. आणि त्यात राघोबादादांना तोंडावर दोषी ठरवणारे रामशास्त्री प्रभुणे साताऱ्याजवळच्या माहुलीचे. रोमच्या नाटकात मला रामशास्त्रीच दिसत नाही. पुरावा मागणारा एक माणूस सीझरच्या बाजूलाही नाही, ब्रूटसच्याही नाही.

समजा, सांगलीत हळदीचं अडत दुकान आहे, दोन भागीदार. एकानं साताऱ्यात स्वतःच्या नावावर गाळा घेतला. दुसरा म्हणतो, ‘हा आता मला बाहेर काढणार.’ अहो, काढणार की काढतोय? वहीत काही दिसतंय का? गाळ्याचे पैसे दुकानातून गेले का? गेले असतील तर बोला, हिशेब मागा, करारनाम्यात काय ठरलंय ते बघा. नुसतं ‘त्याची महत्त्वाकांक्षा वाढलीय’ म्हणून वीस वर्षांचं दुकान फोडू नका. यात शहाणपणापेक्षा भीतीच जास्त असते.

दुसरा शब्द अँटनीचा. कॅशियस सांगत होता, याला अंत्यविधीत बोलू देऊ नका. ब्रूटसनं ऐकलं नाही. आधी स्वतः बोलला, तेही सरळ गद्यात, आणि निघून गेला. अँटनी ब्रूटसला एकही शिवी देत नाही. ‘सन्माननीय’ म्हणतो, पुन्हा म्हणतो, आणि प्रत्येक वेळी मध्ये एक वस्तुस्थिती ठेवतो: सीझरनं तीनदा मुकुट नाकारला, युद्धकैद्यांच्या खंडणीचा पैसा सरकारी खजिन्यात भरला. शेवटी मृत्युपत्र, प्रत्येक नागरिकाला ७५ द्राक्मा. तोवर ‘सन्माननीय’चा अर्थ ‘खुनी’ झालेला असतो. (अँटनी काही संत नव्हे. पुढच्याच अंकात तो त्या मृत्युपत्रातला खर्च कसा कापता येईल ते बघतो.)

पुढच्या मीटिंगआधी तिसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश वाचा, दोन्ही भाषणं. मग एका कागदावर भागीदाराबद्दलच्या तक्रारी लिहा, आणि ज्या वाक्यात ‘करेल’, ‘होईल’, ‘वाटतंय’ असेल त्यावर रेघ मारा. उरलेला कागद घेऊनच त्याच्याशी बोलायला बसा.