वसुबारसेला ओवाळणी, पाडव्याला सुतळी बॉम्ब

फटाक्यांवर कायदा करा, अशी मागणी दर दिवाळीला कुणीतरी करतं आणि मला हसू येतं. अहो, कायदा केव्हाच झालाय. एक नाही, ढीगभर. नाही ती फक्त तो वापरायची धमक.

आवाजाचे फटाके रात्री दहा ते सकाळी सहा बंद, हे सर्वोच्च न्यायालयाने 2005 सालीच सांगितलं. 23 ऑक्टोबर 2018 च्या निकालाने तर फटाक्यांच्या माळांवरच बंदी घातली: बनवायच्या नाहीत, विकायच्या नाहीत, वाजवायच्या नाहीत. दिवाळीला वेळ दिली ती रात्री आठ ते दहा. हद्दीत हे मोडलं गेलं तर पोलीस ठाण्याचा प्रमुख व्यक्तिशः जबाबदार, हेही त्यातच लिहिलंय.

हा निकाल आमच्या गावात, काष्टीत मला अजून दिसलेला नाही. दिसते ती दहा हजारांची माळ. कुणी निवडून आलं, कुणाचा वाढदिवस आला, की चौकात माळ अंथरायची, जेसीबीतून गुलाल उधळायचा आणि नगर-दौंड रस्त्यावरची वाहनं दोन्ही अंगांनी तुंबवून ठेवायची. बंदोबस्ताला पोलीस असतातच; माळ शेवटपर्यंत नीट वाजावी म्हणून ते वाहतूक अडवून धरतात. जिच्यावर देशभर बंदी, तिला सरकारी संरक्षण!

विचारलं की उत्तर तयार असतं: आवाज मोजायचं यंत्र नाही. मान्य. चार मीटरवर 125 डेसिबलची मर्यादा कानाने मोजता येत नाही. पण दहा वाजले हे कळायला घड्याळ पुरतं, आणि रस्त्यावर पसरलेली माळ ओळखायला डोळे. खरी अडचण वेगळीच आहे. माळ लावणाऱ्याच्या अंगात पांढरा कडक शर्ट असतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यालाच सलाम ठोकायचा असतो.

विक्रीचंही तेच. विस्फोटक नियम 2008 नुसार फटाक्यांची तात्पुरती दुकानं ज्वलनशील नसलेल्या शेडमध्ये हवीत, एकमेकांपासून किमान तीन मीटर लांब हवीत, समोरासमोर नकोत. आपल्याकडे? किराणा दुकानापुढे एक टेबल, वर मंडपाचं कापड, त्याखाली बल्बची लोंबती वायर आणि शेजारी भज्यांची कढई. स्फोटकांबाबत हयगय केली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 288 मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. आपल्याकडे मात्र दुकानदाराला भीती असते ती फक्त अवकाळी पावसाची.

आता आपल्या ढोंगाबद्दल. काष्टीचं नाव राज्यभर घेतलं जातं ते शनिवारच्या बैलबाजारामुळे. दिवाळी सुरू होते वसुबारसेला. गाय-वासराला ओवाळतो, पुरणाचा घास भरवतो. आणि पाडव्याच्या रात्री त्याच गोठ्याच्या भिंतीला टेकवून सुतळी बॉम्ब लावतो. गुरांचे कान आपल्यापेक्षा तिखट असतात. बॉम्ब फुटला की गाय दावं ताणते, डोळे पांढरे करते, जागच्या जागी गरगरते. पहाटे धार काढायला बसावं तर कास तटतटलेली आणि सडातून थेंब नाही. भेदरलेली गाय पान्हा सोडत नाही. रॉकेटचं तर विचारूच नका. ते कडब्याच्या गंजीवर पडेल, उसात पडेल, की ऊसतोडीला आलेल्या माणसांच्या पाचटाच्या कोपीवर, हे उडवणाऱ्यालाही ठाऊक नसतं. त्या कोपीत लेकरं झोपलेली असतात.

यावर हुकमी एक्का ठरलेला: “आमच्याच सणावर बंदी का?” निकाल वाचायचे कष्ट घेतले असते तर कळलं असतं, त्यात नाताळ आणि नववर्षाच्या रात्रीलाही रात्री 11.55 ते 12.30 एवढीच वेळ दिली आहे. आणि आमदारकीच्या गुलालात वाजणारी माळ कोणत्या सणात बसते, हे एकदा सांगून टाका. लेकरांच्या फुलबाज्या पुढे करून पुढाऱ्यांच्या माळा वाचवायचा हा धंदा आहे.

पोलीस करणार नाहीत, हे दिसलंच. मग गावाने करावं. आपल्याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने कुऱ्हाडबंदी, चराईबंदी करून दाखवली, शेतीसाठी बोअर घ्यायलाही मनाई केली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने 2022 मध्ये विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला आणि सरकारला त्याची दखल घ्यावी लागली. सांगलीच्या मोहित्यांचे वडगावात संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि टीव्ही, मोबाईल बंद होतात. ग्रामसभेला कुणाला तुरुंगात टाकता येत नाही, पण चारचौघांत मान खाली घालायला लावता येते. आपल्याकडे त्या शिक्षेला दंडापेक्षा जास्त घाबरतात.

तेव्हा पुढच्या ग्रामसभेत हात वर करा आणि हा ठराव मांडा: मिरवणुकीत माळ नाही, गोठ्याजवळ आणि उसालगत फटाका नाही, दहानंतर आवाज नाही, आणि ज्याच्या गुलालात माळ वाजेल त्याला गावचा हार नाही. ठरावाला सूचक म्हणून माझं नाव घाला. अनुमोदक म्हणून गावातल्या एका तरी पुढाऱ्याने उभं राहावं. कुणीच उभं राहिलं नाही, तर निदान माळ कुणाची आहे हे तरी गावाला कळेल.