किरकोळ मंत्रांना किरकोळच राहू द्या

टेबलाभोवती बसून, फासे टाकत आणि बोलत बोलत रचल्या जाणाऱ्या भूमिकाखेळांकडे साहित्याच्या अध्यापकांनी लक्ष द्यावे असे त्यांत काय आहे, हा प्रश्न विचारला जाणार हे गृहीत धरूनच आम्ही हे टिपण लिहीत आहोत. या खेळांत पात्र निर्माण करण्याचे नियम लिहिलेले असतात, आणि पात्र म्हणजे काय, त्याचा विकास कशाला म्हणावे, त्याचे सामर्थ्य कशात मोजावे, या प्रश्नांची उत्तरे त्या नियमांना आकड्यांत द्यावी लागतात. समीक्षक ज्या ठिकाणी संदिग्ध राहून सुटतो त्या ठिकाणी नियमकाराला सुटता येत नाही. त्यामुळे नियमकाराची साहित्यदृष्टी उघडी पडते. किरकोळ मंत्रांवर आधारलेला पात्रवर्ग रचताना आज जी दृष्टी उघडी पडते, ती मुळातच चुकीची आहे असे आमचे मत आहे.

आधी थोडा इतिहास पाहावा लागेल. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली प्रसिद्ध केला. त्यातील जादूगाराची कल्पना जॅक व्हान्स यांच्या ‘द डाइंग अर्थ’ (१९५०) या पुस्तकावरून घेतलेली होती: मंत्र पाठ करायचा, एकदा उच्चारायचा, आणि उच्चारताच तो स्मरणातून पुसला जायचा. पुढील ‘ॲडव्हान्स्ड’ आवृत्तीतही पहिल्या पातळीच्या जादूगाराजवळ दिवसाला एकच मंत्र असे. तो संपला की उरलेला दिवस त्याने सोबत्यांच्या आडोशाने काढायचा.

या काटेकोर व्यवस्थेत गायगॅक्स यांनी ‘कँट्रिप’ आणली. हा मूळचा स्कॉट्स बोलीतला शब्द, अर्थ चेटकिणीची करामत. ‘अनअर्थ्ड आर्काना’ (१९८५) या पुस्तकात कँट्रिपांची मोठी यादी आहे. पदार्थ गोड करणे, आंबवणे, धूळ झटकणे, भांड्याला चकाकी आणणे, गाठ मारणे, गाठ सोडवणे, समोरच्याला शिंक, जांभई किंवा खोकला आणणे, असे मंत्र तीत आढळतात. गुरूच्या घरी उमेदवारी करताना शिष्याने शिकलेल्या या क्लृप्त्या, अशी त्यांची कल्पना. पहिल्या पातळीच्या एका मंत्राच्या जागी अशा चार कँट्रिपा पाठ करता येत. यादी वाचताना जाणवते ते हे की तिच्यात एक घर आहे. स्वयंपाकघर, झाडलोट, खोडकर पोरे आणि कंटाळलेला गुरू, सगळे त्या क्रियापदांतून दिसते. महाकाव्यात्म खेळात लोकजीवन प्रथमच इतक्या तपशिलाने शिरले ते या मागच्या दाराने.

नंतर काय झाले? १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ही सारी यादी ‘कँट्रिप’ नावाच्या एकाच मंत्रात कोंबली गेली. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत तिला शून्य पातळीचा दर्जा मिळाला. पण त्या पंक्तीत एक ते तीन प्राणांक हिरावणारा थंडीचा झोतही येऊन बसला. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने घरगुती करामती आणि हवे तितक्या वेळा करता येणारे मारक हल्ले यांना वेगवेगळी नावे दिली. तो भेद विवेकाचा होता. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने तो पुसला. वस्तू उचलणारा अदृश्य हात आणि शत्रूवर फेकलेला अग्निबाण, दोन्ही कँट्रिपाच ठरल्या, दोन्ही अमर्याद. अग्निबाण तर पाचव्या, अकराव्या आणि सतराव्या पातळीवर वाढत जातो: दहा बाजूंच्या एका फाशाचे चार फासे होतात. चार फाशांची सरासरी २२. ज्या आगीच्या गोळ्यासाठी जादूगाराला तिसऱ्या पातळीचा स्लॉट खर्च करावा लागतो त्याची सरासरी २८. गोळा अनेकांना होरपळवतो आणि बाण एकालाच लागतो हे खरे, पण बाण फुकट आहे आणि संपतही नाही. याला किरकोळ कोणत्या अर्थाने म्हणायचे?

किरकोळ मंत्रांवर आधारलेला वर्ग हवा अशी मागणी झाली की उदाहरण म्हणून ‘वॉरलॉक’कडे बोट दाखवले जाते. त्याच्याजवळ स्लॉट मोजके, दहाव्या पातळीपर्यंत जास्तीत जास्त दोन. त्यामुळे त्याची खरी भिस्त एका कँट्रिपेवर, ‘एल्ड्रिच ब्लास्ट’वर. पातळीगणिक तिचे झोत वाढून चार होतात, आणि एक विशेष शक्ती घेतली की प्रत्येक झोताच्या घावात त्याच्या व्यक्तिमत्त्वाच्या प्रभावाचा आकडा मिळवला जातो. सतराव्या पातळीला चारही झोत लागले आणि तो आकडा ५ असला तर सरासरी ४२. एवढ्या प्रलोभनापुढे खेळाडूने दुसरे काही करावेच का? तो दर फेरीला तेच वाक्य म्हणतो आणि तेच फासे टाकतो. पुनरावृत्ती वाईट नसते. अभंगातले ध्रुवपदही परत परत येते. पण प्रत्येक कडव्यानंतर ते येते तेव्हा त्याचा अर्थ थोडा सरकलेला असतो. येथे काहीच सरकत नाही. येथे छापखाना चालू आहे.

याच्या मुळाशी असलेले गृहीतक असे: लहान गोष्टीला प्रतिष्ठा द्यायची तर तिला मोठ्या गोष्टीच्या मापाने मोठी करून दाखवावी लागते. हे आपल्याला अपरिचित आहे काय? कथेचे समर्थन करताना ‘कादंबरीएवढा ऐवज’ असे आपण वर्गात म्हणतो, तेव्हा कथेची बाजू घेतल्यासारखे वाटते आणि प्रत्यक्षात खटला हरलेला असतो. माप कादंबरीचेच राहते. कँट्रिपेला चार फासे बहाल करणारा नियमकार नेमके हेच करतो.

विरुद्ध पक्षाचा युक्तिवाद दुबळा नाही. पहिला मुद्दा असा की ज्याचा एकमेव मंत्र संपला तो खेळाडू दोन तास नुसता बसून राही. कँट्रिपा अमर्याद केल्याने हा अन्याय दूर झाला. हे आम्हाला पूर्ण मान्य आहे. अमर्यादता हा योग्य उपाय होता. आमचा आक्षेप वाढत्या फाशांना आहे. दुसरा मुद्दा असा की लढाईत इतरांच्या बरोबरीने घाव घालता आला नाही तर असे पात्र कोणी घेणार नाही. हे मात्र तेव्हाच खरे, जेव्हा लढाई म्हणजे प्राणांकांची वजाबाकी असे आधीच ठरलेले असते. मशाल विझली, पहारेकऱ्याच्या मागे पावले वाजली, धनुष्याच्या दोरीची गाठ सुटली, तर लढाई बदलत नाही काय? तिसरा मुद्दा सर्वांत गंभीर: अशा मंत्रांचे फळ सूत्रधाराच्या लहरीवर अवलंबून राहते. म्हणूनच मर्यादा काटेकोर लिहाव्या लागतात. २०१४ च्या नियमांतला अदृश्य हात पहा. तीस फुटांपर्यंत, एक मिनिट, दहा पौंडांपेक्षा अधिक वजन नाही, हल्ला नाही. चार अटी, आणि त्या चार अटींतूनच सगळी युक्ती जन्मते. वृत्ताची बंधने कवीला जे देतात तेच या अटी खेळाडूला देतात.

केवळ खंडन करून थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल, म्हणून पाचव्या आवृत्तीच्या चौकटीत आमचा आराखडा मांडतो. या वर्गाला आम्ही ‘उमेदवार’ म्हणतो: ज्याची उमेदवारी कधी संपलीच नाही असा जादूगार. त्याला स्लॉट नाहीत, कधीच मिळणार नाहीत. पहिल्या पातळीला सहा किरकोळ मंत्र, पुढे प्रत्येक पातळीला एक; विसाव्या पातळीला पंचवीस. एकही मंत्र थेट प्राणांक हिरावत नाही. पल्ला तीस फूट आणि व्याप एक घनफूट, आणि हे आकडे शेवटपर्यंत वाढत नाहीत. मग वाढते काय? संयोग वाढतो. जेथे अग्निबाणाचा एकेक फासा वाढतो त्या तीन पायऱ्यांवर उमेदवार वेगळे काही शिकतो. पाचव्या पातळीला तो एकाच खेपेत दोन मंत्र जोडतो, अकराव्या पातळीला तीन. सतराव्या पातळीला मंत्र अट घालून ठेवून देता येतो, म्हणजे ‘हे दार उघडेल तेव्हा’ तो जागा होईल. सुट्या पदांचा समास व्हावा तशी ही वाढ आहे. शब्द तेच, अर्थ नवा.

एक उदाहरण पुरे. शत्रूचा जादूगार एकाग्रतेने एखादा मोठा मंत्र धरून उभा आहे. एकाग्रतेत व्यत्यय आला तर १० या लक्ष्यांकाची शारीरिक कसोटी मागण्याची मुभा सूत्रधाराला नियमांनी दिलेलीच आहे. उमेदवार वाऱ्याच्या झुळकेसोबत धूळ उडवतो आणि तिला शिंक जोडतो. कसोटी फसली तर मोठा मंत्र कोसळतो. एकाही प्राणांकाला धक्का लागलेला नाही, पण त्या रात्रीची गोष्ट सांगताना टेबलावरचे सगळे त्या शिंकेपासूनच सुरुवात करतील.

अर्सुला ल् ग्विन यांच्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (१९६८) या कादंबरीत ओगियन हा गुरू पाऊस थांबवू शकतो, तरीही झाडाखाली भिजत झोपतो. शिष्याला त्याचे वैषम्य वाटते, कारण सामर्थ्य म्हणजे वापर अशी त्याची समजूत असते, आणि तिची फार मोठी किंमत त्याला मोजावी लागते. आजचे नियमकार त्या शिष्याच्या बाजूचे आहेत. लहान मंत्र त्यांना अपुरे मंत्र वाटतात.

लहान असणे ही उणीव समजली की ती भरून काढण्याखेरीज काही सुचत नाही. तो एक रूपबंध आहे असे मानले, तर त्याचे नियम शोधावे लागतात. साहित्याच्या अभ्यासकाला हा फरक कळायला हवा, कारण चुटका, ओवी, उखाणा आणि म्हण यांच्याबाबत आपण जी टाळाटाळ करत आलो तीच येथे फाशांच्या आकड्यांत मांडलेली दिसते. फासे वाढवणे सोपे आहे. शिंकेला शिंकच ठेवून तिच्यावर एक संपूर्ण पात्र उभे करणे अवघड आहे, आणि रचनाकाराची परीक्षा तेथेच आहे.